पंजाबी हॉटेलच्या चवीचे तीन डबे

पनीरच्या भाजीला हॉटेलची चव यावी म्हणून घरोघरी पहिला हात जातो तो क्रीमकडे. मग काजू वाढतात, मग बटर. आमच्याकडेही हेच चालायचं. भाजी जड व्हायची, महाग पडायची आणि ताट चाटूनपुसून झाल्यावर मुलगी म्हणायची, "छान झालीय बाबा, पण हॉटेलसारखी नाही." तिचं म्हणणं खरं होतं. पनीरचा मसाला वेगळा, शाही मसाला वेगळा, कोफ्त्याचा वेगळा, अशा तीन पुड्या घरात होत्या, पण फोडल्यावर तिन्हींतून वास यायचा तो धन्याचाच. पुडीमागचे घटक वाचले की उलगडा होतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यात धने आणि मिरची वर, आणि वेलची, जायपत्री ही महागडी मंडळी पार तळाशी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेट्टींचं एक हॉटेल आहे. मालक उडुपीकडचे, मेनूतलं निम्मं पंजाबी, आणि भट्टीवरचे कारागीर गढवालचे. पुण्या-मुंबईत ही जुळणी जुनीच आहे. महाराष्ट्रात आपण ज्याला पंजाबी भाजी म्हणतो ती बहुतेक याच मंडळींनी आपल्या जिभेवर बसवली. तिथले मुख्य कारागीर वयस्कर आहेत, सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. दुपारी साडेतीननंतर गिऱ्हाईक ओसरतं तेव्हा ते मागच्या दाराशी स्टुलावर चहा पीत बसलेले असतात. येताजाता नमस्कार-चमत्कार होताच. एकदा धीर करून विचारलं, "वस्ताद, आपका मसाला कौनसा?" ते हसले आणि म्हणाले, "कौनसा मतलब? कब का?"

त्या "कब का" मध्येच सगळं होतं, हे मला आत गेल्यावर कळलं. भट्टीशेजारी स्टीलच्या चौकोनी डब्यांची रांग. लाल तिखट, हळद, धने-जिऱ्याची पूड, एक पिवळसर मिश्रण ज्याला ते नुसतंच "किचन मसाला" म्हणत होते, गरम मसाला, पांढरट रंगाची एक पूड आणि कसुरी मेथी. सकाळीच तीन ग्रेव्ह्या शिजवून ठेवलेल्या असतात: कांदा-टोमॅटोची लाल, परतलेल्या कांद्याची पिवळी, आणि उकडलेला कांदा, काजू, मगज बी वाटून केलेली पांढरी. ऑर्डर आली की भाजी चार-पाच मिनिटांत तयार होते. त्यात तिखट जातं तेलात, किचन मसाला जातो ग्रेव्हीबरोबर, आणि गरम मसाला पडतो तो भांडं भट्टीवरून उतरवता उतरवता, चिमटीने. "आप घरवाले गरम मसाला शुरू में डालते हो और आधा घंटा पकाते हो," वस्ताद म्हणाले. "फिर बचता क्या है?"

हॉटेलात सगळ्या भाज्या एकाच चवीच्या असतात, अशी तक्रार आपण करतो. स्वस्त हॉटेलात असतातही, कारण तिथे एकच ग्रेव्ही आणि एकच मसाला सगळीकडे फिरतो. जिथे वेगवेगळे डबे वेगवेगळ्या वेळी उघडतात तिथे तसं होत नाही. मी ठरवलं, पुड्या बंद, आपले तीन डबे घरी करायचे: गरम मसाला, किचन मसाला आणि ती पांढरट पूड. सुरुवात गरम मसाल्यापासून.

सामानासाठी मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात गेलो. मसाल्याच्या दुकानात घाई करणाऱ्याला काही चांगलं मिळत नाही. दुकानदार आधी समोर येईल ते दाखवतो. आपण मूठ नाकाशी नेली, बोटांत चुरडून पाहिलं, की मग आतलं पोतं उघडतं. जायपत्री मागितली तर त्यांनी दोन ढीग दाखवले. एक पिवळसर-केशरी, जाळीदार, चुरडताच गोडसर वास सोडणारी. दुसरी गडद तांबडी, स्वस्त, आणि नाकाला जवळपास काहीच न देणारी. ती रामपत्री. दोन्ही झाडं एकाच कुळातली, पण मसाल्यात रामपत्री म्हणजे निव्वळ भरती. लवंग घेताना दुकानदारानेच पेल्यात पाणी घेऊन चार लवंगा टाकून दाखवल्या. तेल काढून घेतलेली लवंग तरंगते, भरलेली बुडते. त्यांच्या चारही बुडाल्या. मग नखाने एक दाबून दाखवली, तेल चमकलं. एवढं दाखवणाऱ्या माणसाकडून बाकीचं सामान डोळे झाकून घ्यायला हरकत नसते.

दालचिनीला मात्र मी थोडा अडखळलो. कागदासारख्या पातळ सालींची गुंडाळी असलेली श्रीलंकेची दालचिनी दिसायला देखणी, भावालाही तशीच. दुकानदार म्हणाले, "काका, हॉटेलच्या मसाल्याला ही कशाला? जाड साल घ्या, तिखट असते." हॉटेलवाले तीच वापरतात. सौम्य, गोडसर दालचिनी खिरीला चांगली. कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीत तिचा आवाज पोचत नाही. हिरवी वेलची मात्र ठसठशीत दाण्याची घेतली, सोललेले दाणे नको म्हटलं. मसाला वेलची हुंगून घ्यावी. ती भट्टीच्या धुरावर वाळवतात, म्हणून तिला मुळातच धुरकट वास असतो, आणि तंदुरीच्या आसपासची जी चव आपल्याला ढाब्यावर जाणवते तिला ही वेलची बरीच कारणीभूत आहे.

खरी गंमत घरी आल्यावर सुरू झाली, कारण घरात आई होती. आईचा गोडा मसाला आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. तिची पद्धत पक्की: प्रत्येक जिन्नस वेगळा, थोड्या थोड्या तेलावर, मंद आचेवर, रंग बदलेपर्यंत. दगडफूल, नागकेशर, तीळ, सुकं खोबरं, धने, सगळं खमंग भाजून मगच कुटायचं. मी कढई तापवली, गॅस बंद केला आणि खडा मसाला तेलाशिवाय नुसता त्या गरम कढईत टाकून हलवत बसलो. ती ओट्याशी येऊन बघत राहिली. "अरे, भाजतोयस की नुसता खेळवतोयस?" म्हटलं, वस्तादांनी एवढंच सांगितलंय, "गरम करना है, लाल नहीं करना." ती म्हणाली, "मग कच्चा राहणार तो."

कच्चा राहत नाही. पण तिला तसं वाटणं स्वाभाविक होतं, कारण आपल्याकडच्या मसाल्यांची चव मुळात भाजण्यातून येते. खोबरं आणि तीळ भाजल्याशिवाय बोलतच नाहीत. दगडफुलाला तेलाचा चटका बसेपर्यंत वास असा नसतोच. गोड्या मसाल्याचा तो काळसर, गूळ-चिंचेला धरून राहणारा स्वभाव कढईतच घडतो. वेलची, जायपत्री, शहाजिरे यांचं उलटं आहे. त्यांचा वास ज्या तेलात असतो ते उडून जाणारं. कढईत ती तांबूस होईपर्यंत परतली की घरभर घमघमाट सुटतो आणि आपल्याला वाटतं मसाला काय झकास होतोय. खरं तर तो वास डब्यात जायचा तो खिडकीतून गेलेला असतो. पंजाबी गरम मसाल्याला ऊब द्यायची ती फक्त ओल जावी आणि नीट दळला जावा म्हणून. ओळखायची खूण सोपी आहे. तमालपत्र हातात धरून मोडलं की कडकन तुटलं पाहिजे, आणि वेलचीची साल चिमटीत दाबली की लवायच्या ऐवजी फुटली पाहिजे. उन्हाळ्यात हे काम दुपारच्या कडक उन्हात ताटात पसरूनही होतं, तेव्हा कढईही लागत नाही.

प्रमाण वस्तादांनी मुठी-चिमटीत सांगितलं होतं, ते मी वजनात बसवून घेतलं. हिरवी वेलची 25 ग्रॅम, दालचिनी, मिरे आणि शहाजिरे प्रत्येकी 15, लवंग 10, मसाला वेलची 10, बडीशेप 10, जायपत्री 5, अर्धं जायफळ, तमालपत्राची चार-पाच पानं आणि एक चक्रीफूल. चक्रीफूल एकच, दुसरं टाकलं की भाजीला चिनी सूपची आठवण येऊ लागते. धने यात अजिबात नाहीत, आणि हाच पुडीत आणि यात मोठा फरक. धने स्वस्त असल्यामुळे पुडीत ते पोट भरायला येतात. घरी करताना त्यांना इथे येऊ द्यायचं काही कारण नाही, त्यांची जागा दुसऱ्या डब्यात आहे.

दळण्याचं सांगण्यासारखं आहे. मिक्सरचं चटणीचं भांडं घेतलं, पूर्ण कोरडं. बटण दाबून धरून एकदम बारीक करायचा मोह होतो, पण तसं केलं की भांड्याचा तळ तळहाताला चटका लागेल इतका तापतो, आणि मग कढईत वाचवलेला वास मिक्सरमध्ये जातो. तीन-चार सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं हलवायचं, तळ गार वाटला की पुन्हा. मोठ्या कारखान्यांत हाच प्रश्न मसाला अतिथंड करून दळून सोडवतात. आपल्या घरी फ्रीजरमध्ये तासभर ठेवलेला खडा मसाला बऱ्यापैकी तेच काम करतो. जायफळ मात्र मिक्सरला देऊ नये. ते तेलकट, पात्यांना चिकटतं आणि बाकीची पूड गोळा करून बसतं. खिसणीवर खिसून शेवटी मिसळावं. वेलची सालीसकट घातली होती, त्यामुळे मैद्याच्या चाळणीतून चाळल्यावर वर चोथा राहिला. तो आईने उचलला आणि चहाच्या डब्यात टाकला. पुढे कित्येक दिवस आमचा चहा शाही होता.

ताज्या पुडीचा वास पहिल्या दिवशी टोकदार वाटतो. लवंग एका बाजूला ओढते, मसाला वेलची दुसऱ्या. दोन-तीन दिवस घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत मुरला की कोण कुठलं ते ओळखू येत नाही, आणि तसं झालं म्हणजे डबा वापरायला तयार.

दुसरा डबा ग्रेव्हीचा, हॉटेलचा तो किचन मसाला. हा रोजचा कामगार आहे. 100 ग्रॅम धने, 40 जिरे, 15 बडीशेप, 10 मिरे, 5 मेथीदाणे. हे मात्र कढईत जरा जास्त शेकायचे, धन्याचा कच्चा गवती वास जाईपर्यंत, पण करपट रंग येऊ न देता. मेथीदाणे सगळ्यात शेवटी टाकायचे आणि तांबूस झाले की लगेच उतरवायचे. ते काळे पडले की सगळा डबा कडू. गार झाल्यावर दळून त्यात 10 ग्रॅम सुंठ पूड, 15 हळद, 10 आमचूर, चमचाभर काळं मीठ आणि मूठभर कसुरी मेथी चुरडून. हळद सांगलीची घरात असतेच. जिरे गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून आलेले म्हणून दुकानदाराने दिले होते, आणि जिऱ्याची तीच मोठी पेठ. हा मसाला ग्रेव्हीत टाकून तेल सुटेपर्यंत खुशाल शिजवावा. शिजण्यासाठीच तो आहे. चार माणसांच्या भाजीला दीड चमचा.

तिखट मी यात मिसळलं नाही. काही जण मिसळतात, पण मग प्रत्येक भाजीचा रंग आणि तिखटपणा एकाच दोरीला बांधला जातो. तिखटाची बरणी वेगळी: देठ काढलेली ब्याडगी, उन्हात कडकडीत वाळवलेली, आणि थोडी पूड झणझणीत मिरचीची. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, सुरकुत्यांची, रंगाला गडद आणि जिभेला सौम्य. 2011 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. घरी मिक्सरवर मिरची दळायची हौस असेल तर खिडक्या उघडा आणि झाकण लगेच काढू नका. आमच्याकडे खकाणा बैठकीपर्यंत गेला आणि टीव्हीसमोर बसलेले सगळे शिंकत गॅलरीत उभे राहिले. त्यापेक्षा गिरणीत नेऊन कांडून आणलेली बरी.

हॉटेलच्या भाजीवर जी लाल तर्री येते ती या मिरचीची करामत आहे, आणि ती कशी आणायची हे मी वस्तादांच्या हाताकडे बघून शिकलो. तेल तापलं, जिरं तडतडलं, आलं-लसूण परतलं, आणि मग त्यांनी पॅन भट्टीवरून बाजूला घेतला. तिखट टाकलं, लगोलग पळीभर पाणी. चर्र आवाज झाला, पाणी उडालं आणि तेल लालभडक होऊन कडेला आलं. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही; पाणी फक्त तिखट जळू नये म्हणून. घरी आपण तिखट ग्रेव्हीत टाकतो आणि मग रंग येत नाही म्हणून आणखी टाकतो. काही हॉटेलांत रंग डबीतून येतो, हेही खरं. वस्तादांनी ती डबी कुठे ठेवलीय हे मी विचारलं नाही, त्यांनीही दाखवली नाही.

तिसऱ्या डब्याने घरात सगळ्यात जास्त आश्चर्य झालं. शाही पनीर, मलई कोफ्ता यांच्या पांढऱ्या ग्रेव्हीत आपला नेहमीचा गरम मसाला टाकला की ती मळकट दिसते आणि लवंग-दालचिनी काजूवर चढून बसते. म्हणून वस्तादांकडे ती पांढरट पूड. 20 ग्रॅम हिरव्या वेलचीचे दाणे (इथे साल काढून), 15 ग्रॅम पांढरे मिरे, 5 ग्रॅम जायपत्री, 10 ग्रॅम बडीशेप. बस. पांढरे मिरे म्हणजे काळ्याच मिऱ्याचं वरचं साल काढलेलं बी. तिखटपणा तसाच, वास जरा उग्र, पण ग्रेव्हीत काळे कण दिसत नाहीत. हा डबा छोटाच करावा. पाव चमचाही पुष्कळ होतो. पहिल्यांदा केलेल्या मलई कोफ्त्यात मी क्रीम निम्मं केलं होतं आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मुलीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हॉटेलसारखी झालीय का, हे मी मुद्दामच विचारलं नाही.

मखनी ग्रेव्हीला मात्र यातलं फारसं काही लागत नाही, हे कळून मला जरा वाईटच वाटलं, इतकी तयारी केल्यावर. टोमॅटो, बटर, ब्याडगीचं तिखट, शेवटी चिमूटभर गरम मसाला आणि भरपूर कसुरी मेथी. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी दिल्लीच्या दर्यागंजात मोती महल हे हॉटेल काढलं, आणि बटर चिकन नेमकं कोणी शोधलं यावरून त्यांच्या वारसांचं प्रकरण 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. इतका वाद ज्या ग्रेव्हीवरून, तिच्यात मसाले सगळ्यात कमी. कसुरी मेथीचं नाव आता पाकिस्तानात असलेल्या कसूरवरून पडलं असलं तरी आपल्याकडे येणारी बरीचशी राजस्थानातल्या नागौरची असते. ती पाकिटातून थेट टाकू नये. कोरड्या तव्यावर दहा-बारा सेकंद गरम करून तळहातांत चोळली की खरा वास सुटतो, आणि मग भाजीवर पडली पाहिजे ती गॅस बंद केल्यावर.

टिकण्याबद्दल लोक विचारतात. गोडा मसाला आई वर्षाचा करते आणि तो टिकतो, कारण भाजलेल्या चवीला काळ फारसा हलवत नाही. हा गरम मसाला वर्षभर ठेवण्याचा नाही. दोन-अडीच महिने तो चांगला असतो, नंतर खराब होत नाही, फक्त मुका होतो. म्हणून शंभर-सव्वाशे ग्रॅमच करायचा, बरणी गॅसच्या ओट्यापासून लांब, अंधाऱ्या कपाटात, आणि वाफाळत्या भांड्यावर बरणी धरून मसाला झटकायचा नाही. ही शेवटची सवय आमच्या घरात कोणालाच मोडता आलेली नाही.

आईचं मत अजूनही ठाम आहे की हा मसाला कच्चा. पण मटर पनीरला तीच आता दुसरा डबा काढते. आमटीत, भरल्या वांग्यात यातलं काही जात नाही, तिथे तिचाच मसाला. छोल्यांना या तीन डब्यांपैकी एकही पुरत नाही. त्यांना अनारदाणा हवा, जिरे चांगले काळपट भाजलेले हवेत, तो चौथा डबा अजून व्हायचाय. आणि व्हेज कोल्हापुरी केली तर मी सरळ मावशीच्या कांदा-लसूण मसाल्याला हात घालतो. मावशी स्वतः कोल्हापूरच्या, जन्मात त्यांनी घरी व्हेज कोल्हापुरी केलेली नाही. मागच्या खेपेला पुण्यात आल्या तेव्हा मी केलेली चाखून म्हणाल्या, "चांगली झालीया की. पर ही कुठली म्हणायची?"